सावकाश चढवायचं मीठ

रुबीनाचा फोन आला तेव्हा मी वॉर्डात चार वाजताची औषधं देत होते. ड्यूटीवर असताना मी फोन घेत नाही, पण रुबीना कधी त्या वेळी फोन करत नाही, म्हणून घेतला. "वर्षाताई, फुप्पी उठत नाहीयेत," एवढंच ती म्हणाली. मी विचारलं, "श्वास?" ती म्हणाली, "हात गार आहे." मी ट्रॉली तिथेच सोडली आणि रिक्षा पकडून हडपसरला गेले. वाटेत सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा लक्षात आलं की हातात अजून कुणाच्या तरी गोळ्यांचं पाकीट आहे… नसीमा सिस्टर, म्हणजे रुबीनाच्या फुप्पी, असत्या तर त्यांनी आधी त्या गोळ्यांचा हिशोब विचारला असता आणि मग स्वतःच्या मरणाचा.

मी पोहोचले तेव्हा त्या पलंगावर उशीला टेकून बसल्यासारख्या होत्या. डोळे मिटलेले. रुबीना म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी, तिच्याच घरी त्या निवृत्तीनंतर राहत होत्या. लग्न त्यांनी केलं नाही. घरातल्या बायका गुसलची, म्हणजे शेवटच्या आंघोळीची, तयारी करत होत्या तेव्हा मी त्यांच्या पायाशी बसले, आणि मला कळायच्या आत माझा अंगठा त्यांच्या नडगीवर दाबला गेला होता. सूज आहे का, खड्डा पडतो का, ते पाहायला. त्यांनीच लावलेली सवय. खड्डा पडला नाही. मी हात मागे घेतला आणि मग रडले.

आता चाळिसावा दिवसही होऊन गेला. त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे, पण जे लिहायचं आहे त्यातलं निम्मं एखाद्या परिचारिकेने लिहावं असं नाही. तरी लिहिते.

मी भंडाऱ्याहून पुण्यात आले ती नर्सिंगचा कोर्स संपवून, एक ट्रंक घेऊन, थोडी घाबरलेली. पहिल्याच आठवड्यात मेडिकल वॉर्डात टाकलं आणि तिथल्या इनचार्ज नसीमा सिस्टर. पुण्याच्या लष्कर भागात त्यांच्या चार पिढ्या गेलेल्या, आणि मराठी असं की ऐकणाऱ्याने स्वतःचं तपासून पाहावं. मी एका पेशंटबद्दल सांगितलं, "सिस्टर, तो घरी जाऊन राहिला." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "जातोय की राहतोय? एक काय ते ठरव, मला जेवण सांगायचंय." सगळा वॉर्ड हसला. त्या हसल्या नाहीत. त्याच संध्याकाळी त्यांनी मला एका आजीबाईंच्या पलंगाशी नेलं आणि म्हणाल्या, "पाणी कमी पडलंय का ते बघ." मी पुस्तकात शिकले तशी हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरली. "म्हातारपणी ती तशीही सैलच असते. इथे बघ," म्हणून त्यांनी आजींच्या छातीच्या हाडावरची कातडी हलकेच उचलली. ती तंबूसारखी उभीच राहिली. मग जीभ दाखवायला सांगितली, डोळ्यांच्या खोबणी दाखवल्या, लघवीच्या पिशवीतला गडद रंग दाखवला. "माणूस बोलायच्या आधी त्याचं पाणी बोलतं. मीठ त्याहून आधी बोलतं, पण हळू आवाजात. ते ऐकायला शिक."

ते ऐकणं म्हणजे काय, हे मला पहिल्यांदा कळलं हिंजवडीत काम करणाऱ्या एका मुलीमुळे. वय असेल सव्वीस-सत्तावीस. गळ्यातल्या थायरॉइडच्या ग्रंथीचं ऑपरेशन होऊन दुसरा दिवस. ओठांना मुंग्या येतात, बोटं झिणझिणतात, अशी तिची तक्रार. तरुण डॉक्टर बघून गेला आणि म्हणाला, टेन्शन आहे. नसीमा सिस्टरनी बीपीचा पट्टा तिच्या दंडाला बांधला, दाब तिच्या रक्तदाबाच्या वर नेला आणि तसाच धरून ठेवला. एक मिनिट गेलं. दोन मिनिटं गेली. आणि मग त्या मुलीचा हात मनगटात वाकायला लागला. अंगठा आत वळला, चारी बोटं एकमेकांना चिकटली, आणि चोचीसारखा टोकदार झालेला तो हात तिच्याच मांडीवर ताठ उभा राहिला. भर दुपार होती, खिडकीतून ऊन आत आलेलं, शेजारच्या पलंगावर रेडिओ चालू. ती मुलगी आपल्याच हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तशी बघत होती. "सिस्टर, हे मी करत नाहीये," ती कुजबुजली. "माहितीये. कॅल्शियम करतंय. म्हणजे, नाहीये म्हणून करतंय." सिस्टरनी पट्टा सोडला, डॉक्टरला परत बोलावलं, मॉनिटर लावला, आणि कॅल्शियमचं इंजेक्शन शिरेतून अगदी धीम्या गतीने देताना दुसऱ्या हाताने तो वाकडा हात धरून ठेवला. तो मोकळा होईपर्यंत सोडला नाही. नंतर मला म्हणाल्या, "टेन्शन आहे, भास आहे, नाटक आहे… असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. आपण आधी रक्त पाठवायचं."

भासांचं त्यांना विशेष होतं. एका पावसाळ्यात आमच्याकडे कोथरूडचे एक काका आले, सहा नंबरच्या पलंगावर. आयुष्यभर नकाशे काढलेला व्यवस्थित माणूस. आता मात्र तीन दिवसांपासून खिडकीशी कुणी बाई उभी आहे म्हणायचे. "उभी का, बस ना," असं त्या रिकाम्या जागेला सांगायचे. चादरीवरून काहीतरी वेचत राहायचे. त्यांची बायको पदराने तोंड दाबून बसलेली, आणि मुलगा विचारत होता की कुणाला बोलावून अंगारा लावला तर चालेल का. सिस्टर म्हणाल्या, "लावा की. मी तोवर रक्त घेते." पण दोन दिवसांत असं झालं की वॉर्डातलं कुणी त्या खिडकीशी जाईना. मावशी तिथली फरशी पुसायची टाळायला लागल्या. शेवटी सिस्टर स्वतः जाऊन नेमक्या त्या जागी उभ्या राहिल्या, आणि तिथूनच काकांना विचारलं, "आता कोण दिसतंय?"

काकांनी बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "तुम्ही दोघी."

मी सिस्टरच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यावर काहीही हललं नाही, फक्त त्यांचा एक हात खिडकीच्या गजाकडे गेला. मग नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, "बरं. दुसरीला सांगा, जरा सरक, मला सलाईन लावायचंय."

रिपोर्ट आला. सोडियम एकशे चौदा. असायला हवं एकशे पस्तीसच्या वर. चौकशी केली तेव्हा कळलं की मूत्रपिंडं स्वच्छ राहतात असा काहीतरी मेसेज वाचून मुलगा त्यांना दिवसाला सहा लिटर पाणी पाजत होता, मीठ जवळपास बंद केलं होतं, आणि वर लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालूच. रक्तातलं मीठ पातळ होत गेलं, मेंदूत पाणी शिरलं आणि तो फुगला. बाई तिथून आली, असं डॉक्टरांनी मुलाला समजावलं. पाणी मोजून द्यायला लागलो, गोळी थांबली, आणि तीव्र मिठाचं तीन टक्क्यांचं सलाईन पंपावर लावलं, थेंब मोजून. ठरावीक तासांनी रक्त. दिवसभरात आकड्यात आठपेक्षा जास्त वाढ होता कामा नये, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं, आणि सिस्टर त्या पंपापाशी पहारा दिल्यासारख्या उभ्या. मुलगा हात जोडून म्हणाला, "जरा स्पीड वाढवा ना, बाबा लवकर शुद्धीत येतील." सिस्टर म्हणाल्या, "नाही." तो परत म्हणाला. त्या इतक्या जोरात "नाही" म्हणाल्या की सगळ्या वॉर्डाने वळून पाहिलं. एवढा मोठा आवाज मी त्यांचा त्याआधी ऐकला नव्हता. पाचव्या दिवशी काका वर्तमानपत्र वाचत बसले होते, आणि खिडकीचं त्यांना काही आठवत नव्हतं.

त्या निवृत्त झाल्यावर मी त्यांना सिस्टर म्हणायची ती आपा म्हणायला लागले. सुट्टीच्या दिवशी हडपसरला जायचं, त्यांच्या खोलीत बसायचं, वॉर्डातल्या केसेस सांगायच्या. पलंग, टेबल, पाण्याचा तांब्या आणि पाहुण्यासाठी एक लाकडी खुर्ची, एवढीच खोली. खुर्चीवर मी बसायची. यंदाच्या उन्हाळ्यात एके दिवशी भर दुपारी त्यांचा फोन आला. जीभ जड झालेली, पण वाक्यं सरळ. "वर्षा, ऐक. दोन दिवस पोट बिघडलंय. डोकं दुखतंय, मळमळतंय. आणि समोर खुर्चीवर एक बाई बसलीय. रुबीनाला दिसत नाही. म्हणजे सोडियम पडलंय. मला ॲडमिट करा." स्वतःच्या भासाचं निदान स्वतः करणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. मी रुबीनाला फोन करून त्यांना घराजवळच्या रुग्णालयात न्यायला सांगितलं आणि थेट तिथेच पोहोचले. सोडियम एकशे सोळा. आयुष्यभर लोकांना ओआरएसचं मीठ-साखर-पाणी पाजलेल्या बाईने जुलाब होत असताना दोन दिवस नुसतं साधं पाणी प्यायलं होतं, आणि बीपीची तीच गोळी चालू ठेवली होती. "गाढव आहे मी," त्या ग्लानीत म्हणाल्या. डोळे उघडले की एकच प्रश्न, "पंपाचा स्पीड किती आहे?" मी आकडा सांगायची. दहा मिनिटांनी परत तोच प्रश्न. "सावकाश चढव गं… घाई करू नको, तिच्या वेळेसारखी."

तिच्या वेळेसारखी म्हणजे कुणाच्या, हे त्यांनी तिसऱ्या दिवशी सांगितलं, सोडियम एकशे तीसवर आल्यावर. मी विचारलं होतं, "आपा, खुर्चीवर कोण होतं?" त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि म्हणाल्या, "सुमन."

त्या तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या आणि सुमन त्यांच्याच वयाची. बरेच दिवस उलट्या होऊन आलेली, अर्धवट शुद्धीत, सोडियम फार खाली. त्या काळात मीठ भरभर भरून काढायचं अशीच समजूत होती. डॉक्टरांनी तसं लिहिलं, आणि नसीमा सिस्टरनी सलाईनचं चाक मोकळं सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुमन उठून बसली. हसली, चहा मागितला, केस विंचरून द्या म्हणाली. सगळ्यांनी नसीमाचं कौतुक केलं. चौथ्या दिवशी तिची जीभ अडखळायला लागली. मग गिळणं बंद झालं. मग हात, पाय. शेवटी फक्त डोळे हलायचे. आत सगळं जागं होतं, बाहेर डोळ्यांशिवाय काही उरलं नव्हतं. "अठरा दिवस मी तिचं सगळं केलं," आपा म्हणाल्या. "ती पाण्याच्या पेल्याकडे बघायची. वॉर्डात कुणी पाणी प्यायला लागलं की डोळे तिकडे. पण एक घोट दिला असता तर छातीत गेला असता. मी ओल्या कापसाने ओठ टिपायची, बस. ती तशीच गेली… तहानलेली." काय झालं ते तेव्हा कुणालाच कळलं नव्हतं, कुणी त्यांना काही बोललंही नाही. पुढे काही वर्षांनी एका वर्गात डॉक्टर शिकवत होते की मीठ घाईने चढवलं तर मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण नष्ट होतं, आणि कशी लक्षणं दिसतात… "मी वर्गातून उठून बाहेर गेले. जिन्यात बसले. आणि वर्षा, त्या दिवसापासून मी एकटी अशी कधी नसते."

मला सहा नंबरचे काका आठवले, खिडकीशी पाहून 'तुम्ही दोघी' म्हणणारे. मी ते बोलले नाही. त्याच म्हणाल्या, "हो. त्यांनी बरोबर पाहिलं होतं का, ते मला माहीत नाही. त्यांचं सोडियम एकशे चौदा होतं."

आपा घरी आल्या. गोळी बदलली, दर आठवड्याला रक्त तपासायचं ठरलं. तीन आठवडे सगळं नीट चाललं. मग परत फोन, परत दुपारी. या वेळी आवाज अगदी स्वच्छ. "वर्षा, ती आलीय. पण डोकं दुखत नाही, मळमळत नाही. मला काही कळत नाहीये. येऊन रक्त घे." मी गेले. जीभ ओली, नाडी नीट, बीपी नीट. वार विचारला, तारीख विचारली. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं, तर त्या माझ्यापेक्षा भराभर खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "झाली परीक्षा?" मी रक्त घेतलं. संध्याकाळपर्यंत रिपोर्ट आले. सोडियम एकशे अडतीस. पोटॅशियम, कॅल्शियम, साखर, सगळं जिथल्या तिथे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं, लघवीत जंतुसंसर्ग आहे का पाहिलं, डोक्याचा स्कॅन काढला. वयाला साजेसा, म्हणाले.

रिपोर्ट घेऊन मी त्यांच्या खोलीत आले. "आपा, सगळं नॉर्मल आहे."

त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "मग तिला चहा विचार."

मला हसू आलं नाही. मी पलंगाच्या कडेला टेकले. त्या म्हणाल्या, "बस की खुर्चीवर. रिपोर्टप्रमाणे रिकामी आहे ना?" मी बसले नाही. इतक्या वर्षांत कितीतरी मरणं पाहिलेली, मृतांचे डोळे याच हातांनी मिटलेले, पण त्या लाकडी खुर्चीवर मला बसवेना. बाहेर सोसायटीत कुणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज खोलीत येत होता. आपांचा स्वर जरा मऊ झाला. "घाबरू नकोस गं. ती काही करत नाही. तांब्याकडे बघते फक्त. मी रोज विचारते, देऊ का. ती बघत राहते. काय करू, अजून गिळता येत नसेल तिला…" मी विचारलं, "तुम्हाला भीती वाटते?" त्यांनी खरंच विचार केला. "पहिल्या दिवशी वाटली. आता वाटतं, एवढी वर्षं उभी होती, बसली तरी एकदाची."

त्यानंतर नवव्या दिवशी आपा गेल्या. झोपेत हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. वय झालं होतं, बीपी होतं. मला ते पटायला हवं. पण मी ते सगळे रिपोर्ट परत परत काढून पाहिले आहेत, आकडा न् आकडा. त्यांनी मला जे हळू आवाजातलं ऐकायला शिकवलं ते यात कुठे होतं आणि माझ्याकडून निसटलं का, की ऐकण्यासारखं त्यात काही नव्हतंच आणि जे होतं ते त्या खुर्चीवर होतं… मला ठरवता आलेलं नाही. कुणी त्याला म्हाताऱ्या मनाची टोचणी म्हणेल. असेल. मी रक्त पाठवलं होतं, एवढंच मी खात्रीने सांगू शकते.

चाळिसाव्याला गेले तेव्हा रुबीनाने मला त्यांच्या खोलीत नेलं. खोली आवरलेली होती. गादीखाली एक शंभर पानी वही सापडली म्हणाली, "तुमच्या नर्सिंगचं काहीतरी दिसतंय, तुम्हीच ठेवा." रुग्णालयातून घरी आल्यापासून आपा स्वतःचाच चार्ट ठेवत होत्या, आणि हे मला माहीत नव्हतं. पट्टीने रकाने आखलेले. वेळ, पोटात काय गेलं, बाहेर काय आलं, सकाळचं वजन. शेवटचा रकाना शेऱ्याचा. सुरुवातीला तो रिकामा आहे. मग एका दुपारपासून त्याच नीटस अक्षरात, जसं आम्ही 'ताप नाही' किंवा 'सूज नाही' लिहितो तसं लिहिलेलं. 'सुमन आहे.' 'सुमन आहे.' एखाद्या सकाळी 'सुमन नाही.' दुपारी परत 'आहे.'

शेवटच्या पानावर त्या गेल्या त्या दिवसाच्या नोंदी. सकाळी चहा दीडशे मिली. पाणी दोनशे. अकराला डाळीचं पाणी दोनशे. जेवताना ताक दोनशे. आणि त्याखाली, अक्षर जरासुद्धा हललेलं नाही असं:

'३.१०. पाणी १०० मिली. सुमनने पाजलं. आज बोलली.'

काय बोलली ते लिहिलेलं नाही. रुबीना माझ्या खांद्यावरून वाचत होती. ती हळूच म्हणाली, "तांब्या तर मी तीनलाच घासायला नेला होता, वर्षाताई." मग ती बाहेर गेली, आणि मी खोलीत एकटी राहिले.

त्या पानाची बेरीज करायची राहिली होती. चार्ट अर्धा सोडायचा नसतो. मी खुर्ची टेबलाशी ओढली, तिच्यावर बसले आणि पेन काढलं. दीडशे, दोनशे, दोनशे, दोनशे… साडेसातशे झाले. पेन तिथे थांबलं. खिडकी बंद होती, पंखा बंद होता. माझ्या घशाला कोरड पडली होती. मी शंभर मिळवले, साडेआठशे लिहिले आणि खाली सही केली.